शिकवणीआधीची जमवाजमव

घरगुती बेकिंगच्या शिकवणीसाठी गोव्यातल्या साखळीत सामान जमवायला बसले की यादी वाटते त्यापेक्षा आखूड निघते. बारीक रवा, साखर, तूप, जायफळ, वेलची घरात असतातच, आणि नारळ तर बहुतेकांच्या परसात. म्हणून पहिल्या धड्याला बातीक हा गोव्याचा रवा-नारळाचा केक घ्यावा. ताजे खोबरे, रवा, साखर, अंडी आणि लोणी एवढ्यावर तो होतो. मिश्रण रात्रभर झाकून ठेवतात. सकाळी झाकण काढले की रवा टपोरा फुगलेला असतो आणि नारळाचा गोडसर वास ओट्यावर पसरतो.

मैदा, कोको, बेकिंग पावडर आणि खाण्याचा सोडा आणावा लागतो. पूर्वी पोदेर, म्हणजे गोव्याचे पाववाले, पावाचे पीठ माडाच्या सुरेने फुगवत. आता ते काम यीस्ट करते. केकला मात्र पावडर किंवा सोडा हवा. सोड्याला दही किंवा लिंबाची आंबट जोड लागते, पावडरीत आम्ल मुळातच असते. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने पावडर डब्यातच निकामी होते, तेव्हा लहान डबी घ्यावी. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी. फसफसली नाही तर सरळ टाकून द्यावी. अशा पावडरीचा केक चिवट होतो आणि दोष उगाच शिकणाऱ्याच्या माथी येतो.

चाळणी, परात, लाकडी उलथणे घरचेच चालते. केकचे डबे आणि बटर पेपर गावात न मिळाल्यास म्हापसा किंवा पणजी गाठावी. नक्षीदार साच्यांच्या मोहात मात्र पडू नये. ६ इंची गोल डबा पुष्कळ दिवस पुरतो. खरा खर्च करावा तो डिजिटल काट्यावर. २४० मिलिलिटरच्या कपात चाळलेला मैदा १२० ग्रॅमच्या आसपास मावतो. तोच दाबून भरला की १५० वर जातो. एकाच पाककृतीचे प्रत्येक घरी वेगळे रूप होते ते बऱ्याचदा यामुळेच.

उरला ओव्हन. जुन्या घरांत भांड्याखाली आणि झाकणावर निखारे ठेवून भाजत; बिबिंका या थराथरांच्या गोड पदार्थाचा प्रत्येक थर तर वरच्या आचेवरच तांबूस होतो. आज जाड बुडाचा कुकर पुरतो. शिटी आणि रबरी कडी काढायची, तळाला मीठ किंवा वाळू पसरायची, वर जाळी ठेवायची, पाणी अजिबात नाही, आणि १० मिनिटे आधी तापवायचा. विजेचा ओव्हन घ्यायचाच असेल, तर बहुतेक केकना लागणारे १८० अंश तापमान त्यात नेमके लावता येते. पण दीड हजार वॉटच्या ओव्हनला १६ अँपिअरचा प्लग लागतो. स्वयंपाकघरात तो नसेल तर ओव्हनच्या आधी वायरमनला बोलवावे.