शीर्षकात नसलेला कान

ओक्लाहोमाचे डॉक्टर हेन्री टर्नर यांनी १९३८ साली सात रुग्णांवर निबंध लिहिला. विकाराला पुढे त्यांचेच नाव मिळाले. त्या निबंधाच्या शीर्षकात खुंटलेले तारुण्य आहे, पडदेदार मान आहे, बाहेर वळलेले कोपर आहे, कान नाही. डोळ्यांस दिसले तेवढे नोंदले गेले. १९५९ मध्ये एक्स गुणसूत्राची उणीव उमगली, बाहेरून इस्ट्रोजेन देण्याचे उपचारही रुळले. पुष्कळजणींच्या कानांची झीज मात्र निमूट चालते. आधी मधल्या पट्टीचे ध्वनी मंदावतात, मग उंच पट्टीचे. ऐन तिशी-चाळिशीत ‘स’, ‘श’ विरू लागतात. स्वर तेवढे उरतात. अशी स्त्री अर्धा शब्द ओठांवरून वाचते, अर्धा संदर्भाने जुळवते, आणि घरची माणसे म्हणतात, हिचे लक्षच नसते! उंची लहानपणापासून मोजली जाते. श्रवण बहुधा तक्रारीनंतरच.