दूधसागरची वाट आणि जीपचे पाटे

गोव्यास जाणारा प्रवासी बहुधा समुद्राकडे तोंड करून जातो. सह्याद्रीच्या बाजूस वळणारे थोडे. बेळगाव-खानापूरकडून अनमोड घाट उतरला की मोले लागते आणि तेथून दक्षिणेस काही किलोमीटरवर, धारबांदोडा तालुक्यात, कुळे हे रेल्वेस्थानकाचे लहानसे गाव आहे. दूधसागर धबधब्याच्या पायथ्याशी जाणाऱ्या जीप येथूनच निघतात. या भागातील सुमारे २४० चौरस किलोमीटर अरण्याला ‘भगवान महावीर अभयारण्य’ असे नाव आहे. जैन प्रवाशाला फाटकावरील पाटी वाचून सुखद धक्का बसतो. गोव्यात जैन परंपरेच्या खुणा तशा जुन्या आहेत. बांदिवडे येथे नेमिनाथ बस्तीचे आणि कुडणे येथे जैन मंदिराचे अवशेष आजही पाहता येतात. परंतु सहलीला निघालेली कुटुंबे तिकडे क्वचितच वळतात. ती येतात ३१० मीटर उंचीवरून चार टप्प्यांत कोसळणारे पाणी पाहण्यासाठी.

कुळ्यापासून धबधब्याच्या अलीकडील तळापर्यंतची वाट दहा-बारा किलोमीटरची आहे. तिला रस्ता म्हणणे हा केवळ सौजन्याचा भाग होय. लाल माती, उघडी पडलेली मुळे, गोटे, आणि मध्ये नदीचे व ओढ्यांचे उतार. हंगामाच्या आरंभी, ऑक्टोबरात, पाणी जीपच्या पायऱ्यांपर्यंत येते. एप्रिलमध्ये तेथेच कोरडे धोंडे असतात. चालकांना विचारले तर ते पाण्यापेक्षा धोंड्यांना अधिक भितात. पाण्यात गाडी बंद पडते, धोंड्यांवर ती मोडते.

आणि मोडते ती बहुधा मागून. याचे कारण जीपच्या बांधणीत आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपची जुळणी स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत सुरू केली, तेव्हापासून आजच्या बोलेरोपर्यंत मागच्या चाकांचा भार पोलादी पाट्यांवरच पेललेला आहे. एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या पट्ट्यांचा हा जुडगा. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात. पुढचे टोक चासीला पक्के बसते, मागचे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यावर, कारण भार पडून कमान सपाट झाली की पाटा लांब होतो आणि त्या लांबीला जागा लागते. मधोमध सेंटर बोल्ट, आणि सगळा जुडगा एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट.

शहरी मोटारींत आता मागेही गुंडाळीच्या स्प्रिंग असतात. त्या मऊ असतात, पण केवळ भार तोलतात. एक्सल जागेवर धरण्यासाठी वेगळे दांडे लागतात. पाटा ही दोन्ही कामे एकटा करतो. दुकानातील जुना मुनीम जसा वहीही लिहितो आणि तिजोरीची किल्लीही सांभाळतो, तसे. सोय मोठी; परंतु असा माणूस एक दिवस आला नाही की दोन्ही कामे एकदम अडतात. मेन पाटा पुढच्या बाजूस तुटला तर गाडी एका अंगाने खाली बसते एवढेच नव्हे, तर त्या बाजूचे चाक मागेपुढे सरकू लागते. एक्सल तिरपा होतो, टायर घासतो, आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

गेल्या हंगामात, डिसेंबरअखेरीस, सांगलीकडील एका हळद-व्यापारी कुटुंबाच्या वाट्याला हा अनुभव आला. आजी, मुलगा-सून, दोन नातवंडे, पुतण्या आणि त्याची पत्नी अशी सात माणसे एका जीपमध्ये होती. सात हाच तेथील नियम; म्हणजे भार जास्त नव्हता. धबधबा पाहून मंडळी परत निघाली होती. फराळाचे डबे कुळ्यास स्वतःच्या मोटारीत ठेवले होते, कारण धबधब्यापाशी माकडे हातातील पिशव्या ओढतात. आजींजवळ गाळून उकळलेल्या पाण्याची बाटली होती, ती संपत आली होती. सकाळी नऊनंतर त्यांनी काही घेतले नव्हते. परतल्यावर, सूर्यास्ताच्या दोन घटका आधी जेवण उरकण्याचा त्यांचा रोजचा नेम होता.

चारच्या सुमारास एका ओढ्यातून वर चढताना मागे उजव्या बाजूस मोठा आवाज झाला आणि जीप त्या कुशीवर कलली. चालकाने उतरून खाली डोकावले. “मेन पाटा गेला,” एवढेच म्हणाला.

कुळे अद्याप चार-पाच किलोमीटर दूर होते. व्यापारी गृहस्थांनीही वाकून पाहिले. तुटलेल्या पोलादाचे तोंड दोन रंगांचे होते. अर्ध्याहून अधिक भाग गंजून काळा पडलेला, उरलेला चांदीसारखा स्वच्छ. चालकाने अर्थ सांगितला: काळा भाग म्हणजे जुनी चीर, पूर्वीच केव्हातरी पडलेली आणि रोजच्या पाण्याने गंजलेली, उजळ भाग आजचा. दर हेलकाव्याला चीर केसभर पुढे जाते, आणि एक दिवस उरलेले पोलाद भार पेलू शकत नाही. एखादा जास्तीचा माणूस, एखादा वेगाने घेतलेला धोंडा, यांचा हिशोब त्याच दिवशी होत नाही. तो असा साचत राहतो. वाणिज्याच्या पुस्तकांत यंत्राच्या झिजेला घसारा म्हणतात आणि तो वर्षाअखेर एका ओळीत लिहून मोकळे होतात. कुळ्याच्या वाटेवर घसारा डोळ्यांनी पाहता येतो.

पाच-दहा मिनिटांत मागून दुसरी जीप आली. त्या चालकाने आपणहून सांगितले, “आजी, तुम्ही पुढे बसा. एक माणूस जास्त चालेल.” सून आनंदली, अर्ध्या तासात कुळे, म्हणजे जेवणाला भरपूर वेळ होता. आजींनी आत किती माणसे आहेत ते विचारले. सात होती. “मग नको,” त्या म्हणाल्या. “आताच तर ऐकलं, पाटा कशानं मोडतो ते.” मुलाने समजावले, सुनेने विनवले. आजी दगडावर बसून राहिल्या. तिसरी जीपही भरलेली निघाली. पाचच्या सुमारास चार प्रवाशांची एक जीप आली, तीत आजी, सून आणि धाकटी नात बसली. त्यामागून आलेल्या गाडीत थोरला नातू आणि पुतण्याच्या पत्नीस जागा मिळाली.

इकडे चालकाचे काम सुरू झाले होते. त्याने धड असलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, चासीखाली जॅक लावून कललेली बाजू उचलली आणि एक्सल व चासी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा बसवून दोरीने जखडला, म्हणजे भार तुटक्या पाट्यावर न येता ठोकळ्यावर यावा. त्यानंतर त्याने जे केले ते पाहण्यासारखे होते. मागच्या चाकांना इंजिनाचा जोर पोचविणारा प्रोपेलर शाफ्ट त्याने बोल्ट खोलून पूर्ण काढला आणि मागे टाकला. एक्सल मागून ढकलू लागला तर सुट्या बाजूने तो पुढे सरकणार. त्याऐवजी फोर-व्हील गिअर घालून केवळ पुढच्या चाकांनी गाडी ओढायची, म्हणजे मागचा एक्सल नुसता फरफटत येईल. फरफटणारी वस्तू मागे जाऊ पाहते, आणि मागे जाणाऱ्या वस्तूला साखळीने धरता येते. एक्सलपासून पाट्याच्या पुढच्या बैठकीपर्यंत त्याने साखळी ताणून बांधली, ब्रेकची नळी कोठे अडकत नाही ना हे हाताने चाचपले, आणि काका-पुतण्यांना पुढच्या आसनावर बसवले. मागे कोणी नाही. पुढच्या चाकांवर वजन पडेल तेवढे बरे, असे तो म्हणाला. या सगळ्यास तास-सव्वा तास लागला. हे ज्ञान कोणत्याही पदविकेत मिळत नाही, आणि ते असलेल्या माणसाची पत कोणत्याही कर्ज-अर्जाच्या रकान्यात बसत नाही, हेही खरे.

पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, जीप अंधार पडल्यावर कुळ्यास पोचली.

आजी साडेपाच वाजून गेल्यावर पोचल्या होत्या. सूर्य अजून मावळला नव्हता. त्या दिवसांत तो सहा वाजून काही मिनिटांनी मावळतो. पण दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे, आणि ती मर्यादा वाटेतच उलटून गेली होती. सुनेने डबा उघडून पुढे केला. आजींनी तो मुलांकडे सरकवला आणि मोटारीत माळ घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांनी पाणीही घेतले नाही. त्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत, आणि घरच्यांनीही विषय काढला नाही.

पैशांचा प्रश्न उरला होता. कुळ्यास जीप नंबराप्रमाणे सोडतात. गाडी उभी राहिली की पाळी जाते, आणि पावसाळ्यात वाट बंद असल्याने हंगामातील प्रत्येक पाळीला मोल असते. व्यापारी गृहस्थांनी नव्या पाट्याचा अर्धा खर्च देऊ केला. चालकाने मान हलवली. चीर जुनी होती, ती यांच्या खात्यात कशी टाकणार? गृहस्थांनी आग्रह धरला नाही. एरवी अशा वेळी पैसे पुढे करून मन हलके करण्याची आपल्याकडे सवय आहे. समोरच्याचा हिशोब बरोबर आहे हे मान्य करणे त्याहून अवघड असते. पुतण्याने केवळ त्या दिवशी बुडालेल्या वेळेचे विचारले, तेव्हा चालक हसला आणि चहा मागवला.

मोडक्या पाट्यास वेल्डिंग करून चालत नाही. पाट्याचे पोलाद तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून लवचीक केलेले असते. वेल्डिंगच्या आचेने शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि पाटा पुन्हा तेथेच, सांध्याला लागून, मोडतो. तिस्क-उसगावपासून फोंड्यापर्यंतच्या पट्ट्यात खनिजाच्या टिप्परमुळे पाटेवाल्या मिस्त्रींना बरकत होती. २०१२ साली खाणी थांबल्यावर ते काम ओसरले, परंतु भट्टी आणि घण असलेले मिस्त्री अजून सापडतात. अशाच एकाकडे जीप टोचन करून नेण्यात आली. मिस्त्रीने डावी बाजूही खोलली. एकीकडे नवा आणि दुसरीकडे दमलेला पाटा ठेवला तर गाडी कायमची कलते. डाव्या मेन पाट्यालाही सेंटर बोल्टच्या छिद्रापाशी बारीक चीर निघाली. दोन्ही मेन पाटे, बुश आणि सेंटर बोल्ट नवे पडले. दोन-तीन फेऱ्यांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला सांगून मिस्त्रीने गाडी सोडली, आणि तिसऱ्या दिवशी ती कुळ्याच्या रांगेत आपल्या नंबराला उभी होती.