बंदर ते विमानतळ : आठवीतल्या मुलीने काढलेला रस्ता

'वाहतुकीची साधने' हा पाठ आपण सगळ्यांनीच कितीदा तरी शिकवला असेल. जलमार्ग, लोहमार्ग, रस्ते, हवाई मार्ग, मुलं घडाघडा सांगतात. पण एका मार्गावरून उतरून दुसऱ्यावर चढायचं कसं, हे पाठात नसतं. आणि प्रवासात खरी धांदल तर तिथेच होते. जहाज धक्क्याला लागतं, विमान टर्मिनलमधून उडतं, आणि मधले वीस-पंचवीस किलोमीटर आपले आपण पार करायचे असतात.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबई-गोवा-मुंबई अशी बोटीची सहल केली. सासूबाईंना पंचाहत्तरावं लागलं, त्यांना समुद्र बघायचा होता. परतीला मुंबईहून नागपूरचं विमान दुपारी २:१० चं. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यापासून विमानतळापर्यंत कसं जायचं, हे काम मी आमच्या लेकीवर सोपवलं. ती आठवीत आहे. अट एकच, टॅक्सी करायची नाही आणि वाटेत जे काही विचारायचं ते तिनेच विचारायचं.

ही अट का, ते सांगते. आमची लेक बोलताना अडखळते. घरात कमी, परक्या माणसासमोर जास्त. त्यामुळे दुकानात, बँकेत, फोनवर, सगळीकडे तिच्या वतीने मीच बोलते. शिक्षिका म्हणून मी पालकांना सांगते की मुलाचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, आणि घरी नेमकं तेच होतं. मी ह्यांना तसं म्हटलं, तर हे म्हणाले, "विमान चुकलं तर चार तिकिटांचे पैसे गेले, एवढं लक्षात ठेव." बरोबरच होतं त्यांचं.

तिने गणित उलटं मांडलं. आपण मुलांना नेहमी 'इतक्या वाजता निघाला, तर किती वाजता पोहोचेल' असं विचारतो. प्रवासात मात्र शेवटापासून मागे यावं लागतं. २:१० चं उड्डाण, तासभर आधी सामान घेणं बंद, म्हणून बाराला टर्मिनलच्या दारात. मेट्रोला पाऊण तास, स्टेशनातून वर येऊन दारापर्यंत जायला वीस मिनिटं. धक्क्यावरून मेट्रोपर्यंत चालायला वीस मिनिटं, आणि "आजीच्या गुडघ्याची" आणखी पंधरा. म्हणजे बंदराच्या गेटातून सव्वादहाच्या आत बाहेर पडायला हवं. आजीच्या गुडघ्याचं वेगळं खातं गूगलच्या नकाशात नव्हतं, ते तिचं स्वतःचं.

पर्याय तिने तीन काढले होते. पहिला, सीएसएमटीहून हार्बरची गोरेगाव लोकल पकडून विलेपार्ल्याला उतरायचं आणि पुढे रिक्षा. दुसरा, मध्य रेल्वेने घाटकोपर आणि तिथून मेट्रो एक. तिसरा, भुयारी मेट्रो तीन, जी ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली होती. आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर आणि २७ स्थानकं. सगळा मार्ग गेलात तरी भाडं ७० रुपये. गाडी बदलायची नाही, आणि टर्मिनल एक व टर्मिनल दोन या दोघांनाही स्वतंत्र स्थानक. सामान आणि आजी दोन्ही बरोबर असताना तिसराच बरा, असा तिचा निकाल. रिक्षाचा मुद्दा मला आवडला. मुंबईत रिक्षा वांद्रे आणि शीवच्या अलीकडे शहरात येतच नाहीत, हे बाहेरगावच्या माणसाला माहीत नसतं. बंदराबाहेर रिक्षा शोधत बसलात तर बसूनच राहाल.

एक गोष्ट नवख्यांसाठी सांगून ठेवते. बोट सकाळी धक्क्याला लागली म्हणजे लगेच उतरता येतं असं नाही. मजल्या-मजल्याने, गटागटाने सोडतात. मोठ्या बॅगा आदल्या रात्री खोलीबाहेर ठेवल्या तर त्या खाली शोधाव्या लागतात. आम्ही बॅगा आपल्याजवळच ठेवल्या. ग्रीन गेटपर्यंत आम्हाला बसने सोडलं, तेव्हा पावणेदहा झाले होते.

गेटाबाहेर टॅक्सीवाल्यांचा गराडा पडला. "एअरपोर्ट? एअरपोर्ट?" लेकीने मान हलवून नाही म्हटलं आणि चालू लागली. वालचंद हिराचंद मार्गाने सरळ. बॅलार्ड इस्टेटचे पदपथ रुंद आहेत, चाकांच्या बॅगा बऱ्या चालतात. हा सगळा भाग भराव घालून केलेला आहे. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खणताना निघालेली माती इथे टाकली गेली आणि तिच्यावर जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याने इमारती उभ्या राहिल्या. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारदही तेच. मी चालता चालता सांगू लागले तर लेक म्हणाली, "आई, नंतर." तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

तिला तेव्हा सांगता आलं नाही ते इथे लिहिते, भूगोलाच्या शिक्षकांना उपयोगी पडेल. विमानं नव्हती तेव्हा विलायतेहून येणारा माणूस याच धक्क्यावर उतरायचा, आणि त्याला पुढच्या प्रवासासाठी शहरात शिरावंही लागत नसे. धक्क्यालगतच बॅलार्ड पिअर मोल नावाचं रेल्वे स्थानक होतं. १९१२ मध्ये सुरू झालेली पंजाब मेल तिथून सुटायची, पुढे १९२८ ची फ्रंटियर मेलही बोटीच्या प्रवाशांना तिथून घ्यायची. बोटीतून उतरा, गाडीत बसा, थेट पेशावरकडे. आज बंदर एका टोकाला आणि विमानतळ दुसऱ्या टोकाला, मधली सोय शंभर वर्षांपूर्वी जितकी सरळ होती तितकी आजही नाही.

जीपीओच्या घुमटाखाली सासूबाई बसल्या. त्यांचं आपलं, "हो ना बाप्पा, केवढी ही इमारत!" लेकीने त्यांना सांगितलं की हा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलाय. पाच मिनिटं गेली, पण ती हिशेबात धरलेली होती.

मेट्रोच्या दारापाशी पायऱ्या होत्या. लिफ्ट कुठे आहे, हे विचारणं भाग होतं. लेक एका पोलिसाजवळ गेली. पहिला शब्द निघायला वेळ लागला, तो थांबला, तिचं बोलणं झाल्यावर त्याने हात करून दाखवलं. हे सोपं गेलं. खरं अवघड होतं तिकीट खिडकीवर.

भुयारात मोबाईलची रेंज गेली, त्यामुळे ॲपवरून तिकीट काढायचा विषयच संपला. तिने सगळं वहीत लिहून घेतलं होतं आणि मी सुटे पैसे ठेवले होते. (पालकहो, या दोन गोष्टी अजूनही जुन्या झालेल्या नाहीत.) आमचं विमान टर्मिनल दोनवरून होतं. तिला 'टी-टू' म्हणायचं होतं, आणि 'ट' हा तिचा सगळ्यात अवघड वर्ण. खिडकीसमोर ती उभी राहिली, ओठ हलले, आवाज आला नाही. मागे सात-आठ माणसं. ह्यांनी पुढे पाऊल टाकलं तर सासूबाईंनी त्यांचा सदरा धरला.

मग तिने अशी मुलं करतात तेच केलं. अवघड शब्द सोडला आणि दुसरा घेतला. म्हणाली, "सहार विमानतळ. चार."

टर्मिनल दोन सहारलाच आहे, चूक काही नव्हती. पण खिडकीतल्या ताईंनी विचारलं, "सहार रोड का?" आता झालं असं, की सहार रोड हे वेगळं स्थानक आहे, टर्मिनल एक आणि टर्मिनल दोनच्या मधलं. 'हो' म्हटलं असतं तर सुटका होती. माझ्या तोंडात शब्द आला होता, मी तो गिळला. मागून कोणीतरी "चला ना" म्हणालं.

"नाही," लेक म्हणाली. "ट... ट... टर्मिनल दोन."

किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. ताईंनी चार तिकिटं दिली, सुटे परत केले आणि पुढच्याला हाक मारली. त्यांच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं, आणि तेच मला फार बरं वाटलं.

गाडीत जागा मिळाली. सीएसएमटीनंतर अठरावं स्थानक आपलं, हे वहीत होतं. ती प्रत्येक स्थानकाला खूण करत होती. धारावी आणि बीकेसीच्या मध्ये म्हणाली, "आजी, आपल्या डोक्यावर आता मिठी नदी आहे." सासूबाईंनी वर छताकडे पाहिलं. टर्मिनल दोनच्या दारात आम्ही पोहोचलो तेव्हा पावणेबाराला दोन मिनिटं कमी होती. मेट्रोचं स्थानक म्हणजे विमानतळाचं दार नव्हे, वर आल्यावरही बरंच अंतर उरतं. तिथे तिने ठेवलेली वीस मिनिटं पुरेपूर लागली.

सुट्टी संपल्यावर मी हेच गणित आमच्या आठवीला दिलं, फक्त गावं आपली घातली : वर्धा रेल्वे स्थानक ते नागपूर विमानतळ, बरोबर एक आजी आणि दोन बॅगा, विमान २:१० चं. बहुतेकांनी नागपूरला उतरून ऑटो केला. एका मुलाने विचारलं, "मॅडम, खापरीला उतरलो तर? तिथून मेट्रो आहे ना." नकाशा काढला. खापरी नागपूरच्या अलीकडे आहे आणि तिथून विमानतळाचं मेट्रो स्थानक जवळ पडतं. पण खापरीला कोणती गाडी थांबते आणि कोणती नाही, यावर वर्गात भांडण लागलं. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही वर्धा स्थानकावर जाऊन विचारणार आहोत. चौकशीच्या खिडकीवर कोणी बोलायचं, यासाठी चिठ्ठ्या टाकायच्या आहेत. लेकही त्याच वर्गात आहे, तिचीही चिठ्ठी असेल.