खऱ्या कामाचा हिरा

हिऱ्याचे मोल त्याच्या तेजात, असेच मी वर्षानुवर्षे मानत आले. काळपट, गढूळ, भेगाळलेले हिरे कुटून त्यांची भुकटी करतात हे माहीत होते. पण तो त्या दगडांच्या नशिबाचा भोग वाटायचा. आज तसे वाटत नाही.

एका साध्या प्रश्नाने विचार पालटला. हिरा सर्वांत कठीण, तर त्याला पैलू कशाने पाडतात? हिऱ्यानेच. त्याचा कठीणपणा सगळ्या दिशांनी सारखा नसतो. काही दिशांनी तो झिजतो, काही दिशांनी जवळजवळ दाद देत नाही. भुकटीतले कण कसेही पडलेले असतात. त्यांतल्या काहींची सर्वांत कठीण बाजू आपोआप पुढे येते आणि समोरच्या हिऱ्याला त्याच्या नरम दिशेने घासते. म्हणून कारागीर फिरत्या बिडाच्या चकतीवर तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी लावत आले. अंगठीतल्या लखलखाटामागे ज्याला आपण टाकाऊ म्हणतो तोच चुरा आहे.

मग नजर दागिन्यांपलीकडे गेली. टंगस्टन कार्बाइडच्या हत्यारांना धार लावायला हिऱ्याची चाके लागतात. त्यामुळेच दुसऱ्या महायुद्धात बेल्जियन काँगोतला 'बोर्ट', म्हणजे हा हलक्या प्रतीचा हिरा, युद्धसामग्रीइतका मोलाचा ठरला. डिसेंबर 1954 मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी प्रचंड दाब आणि उष्णता वापरून हिरा घडवला, तेव्हाही उद्योगाला हवे होते ते घासणारे कण. आज कारखान्यांत वापरले जाणारे हिरे जवळजवळ सगळे असे मानवनिर्मितच असतात.

आपल्याकडे कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी सुमारे दीड किलोमीटर खोल विंधनविवरे घेतली गेली. बेसाल्टचे थर भेदून खालच्या ग्रॅनाइटचे नमुने वर आले. खडकाचा असा सलग दंडगोल काढायचा, तर पोकळ बिटच्या तोंडाशी धातूत हिऱ्याचे कण बसवतात. वरचे कण बोथट होऊन गळतात, धातूही झिजतो आणि खालचे ताजे कण उघडे पडतात. स्वतः झिजत झिजत ते आपल्याला पायांखालच्या जमिनीची ओळख करून देतात.

रंग, स्वच्छता, पैलू या सगळ्या डोळ्यांनी केलेल्या पारखी आहेत. काळपट हिऱ्यातही कार्बनच्या अणूंची तीच घट्ट बांधणी असते. कमी असते ती फक्त शोभा. तेज मला अजूनही आवडते. पण लहान मुलांना हिरा म्हणजे काय हे सांगायची वेळ आली, तर अंगठीच्या आधी मी त्यांच्या हातात ड्रिलचे बिट देईन.