ओला वाटणारा रस्ता

बीड जिल्ह्यातील हिवाळा मुख्यतः ओलाव्याच्या हिशेबाने जोखला जातो. बालाघाटच्या पठारावरील रब्बी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढत असल्याने पहाटेचे दव तेथे हवेसे वाटते, आणि गोठलेले पाणी भेटते ते बहुधा गारांच्या रूपाने, जशा त्या २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यातील उभ्या पिकांवर कोसळल्या. या जिल्ह्यातून टोरांटोला स्थायिक होणाऱ्या माणसाला मात्र बर्फाच्या पातळ थरांची इंग्रजी नावे वेगवेगळी ओळखावी लागतात, आणि ही ओळख शब्दकोशापेक्षा पदपथावर लवकर होते.

हवेतील बाष्प द्रवरूप न घेता थेट थंड पृष्ठभागावर स्फटिकरूपाने जमले की त्यास ‘होरफ्रॉस्ट’ म्हणतात. शून्याखालीही द्रवच राहिलेले धुक्याचे थेंब वस्तूवर आदळून गोठले, तर होणारा पांढरा, खरबरीत थर म्हणजे ‘राइम’. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी थंडीच्या लाटेत दिसणाऱ्या हिमकणांच्या बातम्यांत गोठलेले दव आणि असे स्फटिक यांत फारसा फरक केला जात नाही, आणि पर्यटकाला त्याची गरजही नसते.

टोरांटोत होरफ्रॉस्टचा उपद्रव मोटारीची काच खरवडण्यापुरता असतो. ‘ब्लॅक आइस’चे तसे नाही: दिवसा वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठून इतका पारदर्शक थर धरते की खालचे डांबरच दिसते आणि रस्ता नुसता ओला वाटतो. पुलांवर तो आधी धरतो, कारण पुलाला खालूनही थंड हवा लागते व जमिनीची ऊब मिळत नाही. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो खरा, परंतु कडाक्याच्या थंडीत साध्या मिठाचा प्रभाव मंदावतो. फोनवर ‘बर्फ पडला का’ असे विचारणाऱ्या अंबाजोगाईच्या नातेवाइकांना, धास्ती न दिसणाऱ्या बर्फाचीच अधिक असते, हे पटवणे कठीणच.

‘ग्लेझ’ हा थर गोठणाऱ्या पावसाने होतो: वरच्या उबदार हवेतून आलेले थेंब जमिनीलगतच्या शून्याखालील हवेत थंडावतात आणि फांद्यांवर व तारांवर पडताच काचेसारखे चिकटतात. डिसेंबर २०१३ मध्ये या भाराने झाडे मोडून टोरांटोतील सुमारे ३ लाख वीजग्राहक अंधारात गेले, काहींकडे नाताळ उलटेपर्यंत वीज आली नाही. आणि गॅसवर चालणाऱ्या भट्टीचा पंखाही विजेवरच फिरत असल्याने अशा घरांतील ऊबही बंद पडली.