नौका आणि नगरी

एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत व्हँकुव्हरच्या कॅनडा प्लेस धक्क्यावर, ज्याची शिडांसारखी शुभ्र छते 1986 च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारली गेली, अलास्काला जाणारी पर्यटन-जहाजे सकाळी लागतात आणि दुपार कलली की निघतात. आणि त्यांतील एखादे आपल्या उत्तुंग भिंतीने पलीकडची पर्वतरांग झाकून उभे राहिले म्हणजे, हे पाण्यावर तरंगणारे यान आहे यावर विश्वास बसण्यास काही क्षण जावे लागतात.

माझ्या पिढीची जी मराठी कुटुंबे सत्तरच्या दशकात या मुलखात आली, त्यांना विलासी जलप्रवासाचे पहिले दर्शन घडले ते 'द लव्ह बोट' या मालिकेत. 1977 ते 1986 अशी ती चालली. प्रवाशांच्या स्वागतास जातीने उभा असलेला कॅप्टन स्ट्यूबिंग, हसतमुख आयझॅक, सर्वांची वास्तपुस्त करणारी जूली, ही मंडळी आम्हांला शेजाऱ्यांइतकी परिचित झाली. तीतील पुष्कळसे चित्रीकरण स्टुडिओतच होत असे. परंतु 'पॅसिफिक प्रिन्सेस' हे जहाज मात्र खरे होते. सुमारे वीस हजार टनांचे आणि सहाशेहून थोड्या अधिक प्रवाशांचे. प्रत्येक भागात जुळणाऱ्या त्या प्रेमकथा कल्पित असल्या तरी माणसांचे प्रमाण खरे होते, असे मला आजही वाटते, कारण सहाशे माणसांत आठवड्याभरात ओळखी होतात, जिन्यावर पुन्हा तोच चेहरा भेटतो आणि काल अर्धवट राहिलेले बोलणे पुढे चालू होते.

आम्हांला ते जिवलग वाटावे याला आणखी एक कारण होते. ज्यांचे बालपण कोकणात गेले त्यांच्या रक्तात आगबोट होती : भाऊच्या धक्क्यावर वळकट्या, ट्रंका आणि आंब्यांच्या पेट्या यांच्या गर्दीत मिळवलेली डेकवरची हातभर जागा, रात्री अंगाला चिकटणारा खारा वारा, आणि जेथे बोट किनाऱ्याला लागत नसे तेथे हेलकावणाऱ्या पडावात खलाश्याच्या हाताचा आधार घेऊन मारलेली उडी. त्या प्रवासात विलासाचा लवलेश नव्हता. पण समुद्र होता आणि सोबतही होती.

पडद्यावरच्या त्या स्वप्नाचे मूळ कॅनडाच्याच किनाऱ्यावर आहे, हे येथे जन्मलेल्या पुष्कळांनाही ठाऊक नसते. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनीचा 'प्रिन्सेस' नावांच्या आगबोटींचा ताफा या प्रांताच्या बंदरांतून माणसे, टपाल आणि माल यांची ने-आण करीत असे. त्यांतील 'प्रिन्सेस पॅट्रिशिया' ही 1965 च्या हिवाळ्यात सिएटलच्या स्टॅन्ली मॅक्डोनाल्ड यांनी भाड्याने घेतली आणि लॉस एंजेलिसहून मेक्सिकोच्या सफरी सुरू केल्या. त्या नौकेच्याच नावावरून 'प्रिन्सेस क्रूझेस' ही कंपनी नावारूपास आली, आणि पुढे मालिकेने तिला घरोघरी नेले. पोटापाण्यासाठी राबणाऱ्या आगबोटीच्या कुळातून हे सारे वैभव उपजले.

व्हँकुव्हरच्या भरभराटीस एक जुना अमेरिकी कायदाही कारण आहे. 1886 च्या त्या कायद्यान्वये परदेशी निशाणाच्या जहाजास अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात परस्पर प्रवासी नेण्यास मनाई आहे. म्हणून अलास्काच्या सफरी एक तर व्हँकुव्हरहून निघतात, नाही तर सिएटलहून निघून व्हिक्टोरियाला काही तास हजेरी लावून जातात. महामारीत कॅनडाने आपली बंदरे या जहाजांस बंद केली, तेव्हा 2021 साली अमेरिकेला खास कायदा करून ही अट तात्पुरती शिथिल करावी लागली.

आता आकारमान पाहा. 2024 साली कॅरिबियन समुद्रात उतरलेले 'आयकॉन ऑफ द सीज' सुमारे अडीच लाख टनांचे असून त्यात साडेसात हजार प्रवासी मावतात. व्हँकुव्हरच्या लायन्स गेट पुलाखाली भरतीच्या वेळी सुमारे 61 मीटर उंचीची वाट उरते; तीतून आजची सर्वांत उंच जहाजे जाऊच शकत नाहीत. अशा तरंगत्या नगरीत कप्तानाने कोणाला ओळखावे? प्रिन्सेसच्याच जहाजांवर आज प्रवाशाजवळ नाण्याएवढी तबकडी असते. ती खोलीचे दार उघडते आणि पेय घेऊन येणाऱ्या सेवकास आपले नाव व ठावठिकाणा कळवते. सरबराई बिनचूक होते, पण ती ओळख नव्हे. आणि तो सेवक पुष्कळदा गोव्याचा वा मुंबईचा तरुण असतो, महिनोन्महिन्यांच्या करारावर घरापासून दूर राहिलेला. आयझॅकचे नाव सर्वांना ठाऊक होते, याचे नाव विचारण्यासही आपण थांबत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

तरीही या बदलाला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. पूर्वी हा प्रवास धनिकांचा होता. आज पुण्याहून आलेली आजी चाकांच्या खुर्चीतून, मुलगा, सून आणि नातवंडे यांच्यासह हिमनदी पाहते, आणि तिला शाकाहारी जेवणही मिळते. धूर कमी व्हावा म्हणून 2009 पासून कॅनडा प्लेसच्या धक्क्यावर जहाजांना किनाऱ्यावरची वीज पुरवली जाते, हीही चांगली तजवीज झाली. मात्र नाट्यगृहे, जुगारखाने, दुकाने आणि जलक्रीडेचे हौद यांच्या पसाऱ्यात समुद्र हा केवळ सभोवारचा परिसर होऊन बसला, हे नुकसान कोणत्याही सोयीने भरून येणारे नाही. मालिकेतील ते 'पॅसिफिक प्रिन्सेस' 2013 साली तुर्कस्तानातील आलिआगा येथे मोडीत निघाले.

ज्या वाचकाला तो जुना प्रवास हवा असेल त्याने निराश होऊ नये. व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकावरील पोर्ट हार्डीहून प्रिन्स रूपर्टला बीसी फेरीजची नौका जाते. मोटारी, माल, आपल्या गावी परतणारी मूलनिवासी कुटुंबे आणि आपल्यासारखे चार हौशी प्रवासी यांना घेऊन उन्हाळ्यात ती दिवसभर अरुंद खाड्यांतून, देवदारांच्या डोंगरांमधून चालते. तिच्यावर करमणुकीचा कार्यक्रम नसतो. बाहेरच्या डेकवर उभे राहावे, शेजारच्या माणसाशी बोलावे आणि देवमासा दिसला तर सगळ्यांनी एका कठड्याशी यावे, एवढेच. उन्हाळ्यात जागा लवकर भरतात; जाणार असाल तर आधी आरक्षण करा.