कंदिलाचा हिशेब

आश्विन उजाडला की माझे हात शिवशिवू लागतात. सहामाहीच्या चित्रांचा गठ्ठा टेबलावर तसाच पडून असतो, कादंबरीचा नायक बाराव्या प्रकरणात एसटीची वाट पाहत ताटकळलेला असतो, आणि मी अंगणात बसून बांबूच्या कामट्या तासत असतो. चुलीवर मैद्याची खळ शिजते. तिला बुरशी धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचा, हे मला वडिलांनी शिकवले. पतंगी कागदाचा तो कोरा, किंचित आंबूस वास नाकात गेला, की माझी दिवाळी सुरू होते.

वडील दौंडला रेल्वेत पॉइंट्समन होते. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन तिथे तोंड बदलायचे, आणि ते सोडण्या-जोडण्याच्या कामात वडिलांच्या कितीतरी दिवाळ्या यार्डातच गेल्या. आमचे क्वार्टर रुळांना लागून. म्हणून आकाशकंदील उंच काठीला बांधायचा. रात्रपाळीवरून त्यांना तो दिसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. दुसरा हट्ट रंगाचा. पिवळा घ्या, निळा घ्या, जांभळा घ्या. लाल कागद मात्र घरात आणायचा नाही. “रुळाकडेच्या घरावर लाल दिवा? उद्या एखादा ड्रायव्हर गाडी थांबवील!” असे म्हणून ते स्वतःच हसत. पण नियम तो नियम.

मी शिकलो दहावीपर्यंत. वडील तिला शेवटपर्यंत ‘मॅट्रिक’ म्हणत आणि मुलगा मॅट्रिक झाला म्हणून यार्डभर पेढे वाटल्याचे सांगत. पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका केली आणि शिरूरला नोकरी लागली. जुनी माणसे या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. वडील गेले, आई माझ्याकडे आली, आणि यार्ड दिसत नसले तरी कंदील उंच काठीवरच लागत राहिला.

त्या कंदिलाने धंद्याचे रूप घेतले ते २०१९ साली. शेजारच्या बाईंनी एक मागितला, त्यांच्या जावेने दोन. ज्या वस्तूपायी बायकोची बोलणी खावी लागत, तिच्यासाठी लोक खिशात हात घालतात, या शोधाने मी अगदी हरखून गेलो. तुम्ही म्हणाल, त्यात हरखण्यासारखे काय? तर माझ्या मागच्या कादंबरीचे मानधन मला पन्नास प्रतींच्या रूपाने मिळाले होते, आणि त्यांतल्या सदतीस अजून पलंगाखाली आहेत.

चित्रकलेच्या शिक्षकाने धंदा करावा की नाही, अशी शंका मनात आलीच. पण आमच्या या पंथाचा एक थोर मूळपुरुष आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाल्यावर त्यांनी कुंचला ठेवला आणि यंत्रांची रेखाटने धरली. तीच ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. नोकरी सांभाळून मुंबईतून सायकली घ्यायच्या आणि बेळगावला भावाकडे विकायला पाठवायच्या, हा त्यांचा जोडधंदा. लोखंडी नांगर केला तर तो सुरुवातीला कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची भीती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर. मी ही हकीकत सौ.ला मोठ्या तावातावाने सांगितली. ती तांदूळ निवडत होती. “ते नोकरी सोडून गेले होते ना हो शेवटी?” एवढेच तिने विचारले.

२०२२ साली दौंडच्या एका दुकानदाराने चाळीस कंदील सांगितले. नग एकशेवीस रुपये. कागद, कामट्या, दोरा, खळ मिळून मला एक कंदील पंचेचाळीसला पडे. म्हणजे पाऊणशे रुपये सुटणार. चाळीस गुणिले पंचाहत्तर, तीन हजार! मी लगेच हो म्हणालो. दुकानदाराच्या दोनच अटी होत्या. “सर, त्या करंज्या न् झिरमिळ्या कमी करा, वेळ खातात. आणि लाल काढा, जास्तीत जास्त लाल. गिऱ्हाईक लांबनं ओढतो.” मी गप्प राहिलो. माणूस तीन हजारांसाठी किती सहज गप्प राहतो!

त्या वर्षी परतीचा पाऊस दिवाळीच्या तोंडापर्यंत रेंगाळला होता. खळ वाळेना. माजघरात दोऱ्या बांधून मी कंदील टांगले. आम्ही सारी त्यांच्याखालून वाकून चालत होतो. मुलीने अभ्यास स्वयंपाकघरात हलवला. दहावा कंदील होईपर्यंत मजा होती. पंधराव्यानंतर हात चालू लागले आणि मन थांबले. मला वाटते, छंद आणि काम यांतला फरक मला त्या रात्री बोटांच्या टोकांना कळला: छंदात पुढची घडी घालावीशी वाटते, इथे राहिलेल्या घड्या मोजाव्याशा वाटत होत्या.

न्हावऱ्यावरून एसटीने माल दौंडला नेला. भीमेचा पूल ओलांडताना खोकी मांडीवर धरून बसलो होतो. दिवाळीनंतर हिशेबाला गेलो तर नऊ कंदील परत. ओलीने कागद सैल पडून पोट सुटल्यासारखे झाले होते. त्यात दुकानदाराची चूक काहीच नव्हती.

घरी सौ.ने वहीचे मागचे पान उघडले. (पुढच्या पानांवर कादंबरी आहे.) एकतीस कंदिलांचे तीन हजार सातशेवीस. त्यातून चाळीस कंदिलांच्या सामानाचे अठराशे वजा. उरले एकोणीसशेवीस, त्यात एसटीचे भाडे धरलेले नाही. “एका कंदिलाला किती वेळ लागला?” तीन तास, मी म्हणालो. तिने भागाकार केला आणि वही माझ्याकडे फिरवली. तासाला सोळा रुपये. “अहो, खुरपायला जाणाऱ्या बाईला हा भाव सांगितलात तर ती तुम्हालाच खुरपील.”

पण हे सगळे नंतरचे. खरा हिशेब त्याआधी, वसुबारसेच्या संध्याकाळी झाला. चाळीस कंदील करताना घरचा करायचा राहून गेला होता. एक जादा, लाल, मी घाईने काठीला बांधला आणि दिवा लावला. आई दर वर्षीप्रमाणे ओसरीवर बसून वर बघत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “लाल लावलास होय रे. हा बघून हे घरात यायचे नाहीत. तिकडंच थांबतील.”

मी कंदील उतरवला. रात्री जेवणे झाल्यावर पिवळा कागद घेऊन बसलो. मुलगी शेजारी येऊन करंज्या घडू लागली. पहाटे अडीचला तो काठीवर चढला.

पुण्याच्या दिनकर केळकरांची मला अलीकडे फार आठवण होते. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणाऱ्या या माणसाचे चष्म्यांचे दुकान होते. मिळकत मात्र जायची जुने दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये गोळा करण्यात. सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या आणि सात वर्षांचा होऊन गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाचे ते संग्रहालय १९७५ साली सरकारला देऊन टाकले. किर्लोस्करांनी आवडीचा धंदा केला, केळकरांनी धंद्यावर आवड पोसली. दोघांचीही छाती मोठी होती. माझ्यापाशी सोळा रुपये तासाची छाती.

२०२३ पासून कारभार सौ.कडे आहे. मी मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज देऊन ठेवला. तिचे कायदे सरळ आहेत: वर्षाला पंचवीसच कंदील, दुकानाला एकही नाही, नग चारशे रुपये, निम्मे पैसे दसऱ्याच्या आत. मला वाटले, चारशे ऐकून लोक पाठ फिरवतील. पहिल्या वर्षी सहा जणांनी फिरवलीही. आता यादी श्रावणातच भरते. लाल मागणाऱ्याला ती “लाल नाही” म्हणते, कारण सांगत नाही. पैशांतून मुलीची फी निघते, आईचा चष्मा निघाला. कादंबरीवर मात्र अजून काहीच निघालेले नाही.

पंचविसांच्या आधी घरचा. तो घटस्थापनेला बांधायला घ्यायचा, आणि तो आईला दाखवून झाल्याशिवाय गिऱ्हाइकाचा कागद कापायचा नाही, हा कायदा माझा. यंदा मुलगी म्हणते, चौकट ती एकटी बांधणार. कामट्या काल आल्या आहेत. जरा कोरड्या वाटतात. रात्रभर पाण्यात घालून ठेवल्या आहेत.